ऐतिहासिक लढाईवर पटावरचा खेळ रचायचा असेल, तर सुरुवात कुठून करावी?

आपण विचारले आहे की, इतिहासातील एखाद्या लढाईवर पटावरचा युद्धखेळ स्वतः रचायचा असेल, तर आधी नकाशा करावा, सोंगट्या कराव्यात की नियम लिहावेत. शाळकरी वयापासून मला हा छंद आहे आणि कोल्हापुरात राहत असल्यामुळे पन्हाळ्याच्या वेढ्यावरचा खेळ मी अनेक वर्षे रचत, मोडत आणि पुन्हा रचत आलो आहे. माझ्या मते या तिन्हींच्या आधी सेनापतीपुढचा पेच ठरवावा लागतो: त्या घटकेला त्याला काय ठाऊक होते, काय ठाऊक नव्हते आणि कोणता निर्णय त्याला टाळता येत नव्हता.

प्रशियाच्या सैन्यातील राइसविट्झ या तरुण अधिकाऱ्याने १८२४ साली सादर केलेल्या ‘क्रीग्सश्पील’मध्ये दोन्ही बाजूंचे हुकूम पंचाकडे जात आणि खेळाडूच्या तुकड्यांना जेवढे दिसू शकेल तेवढेच पंच त्याला सांगत असे. अमेरिकेत चार्ल्स रॉबर्ट्स यांनी १९५४ मध्ये ‘टॅक्टिक्स’ बाजारात आणला, त्यात पंचाची गरज उरली नाही. दोन्ही बाजूंच्या बळाचे गुणोत्तर आणि फाशाचे दान यांवरून निकाल देणारा तक्ता आला. षटकोनी घरे त्यानंतर रूढ झाली, कारण षटकोनाची सहाही शेजारी घरे सारख्याच अंतरावर असतात, चौकोनात मात्र तिरकी चाल सरळ चालीच्या सुमारे १.४ पट लांब पडते.

हे साहित्य पन्हाळ्याला जसेच्या तसे लावता येत नाही. १६६० च्या मार्चमध्ये सिद्दी जौहरने गडाला वेढा घातला, जुलैत भर पावसात शिवाजी महाराज रात्री विशाळगडाकडे निघाले आणि बाजीप्रभू देशपांडे यांनी घोडखिंडीत पाठलाग रोखून धरला. ही झुंज गुणोत्तराच्या तक्त्यावर मांडली, तर बाजीप्रभूंची सोंगटी पहिल्याच दानाला पटावरून उचलावी लागते. अरुंद खिंडीत एका वेळी किती माणसे भिडू शकतात, हे त्या तक्त्याला कळत नाही. म्हणून माझ्या खेळात खिंडीच्या घरावर एका वेळी एकाच सोंगटीने हल्ला करता येतो, आणि निकाल पडलेल्या माणसांऐवजी मिळालेल्या वेळात मोजला जातो.

सर्वांत अवघड भाग मात्र खिंडीच्या आधीचा आहे. शरण येण्याची बोलणी सुरू झाल्यामुळे वेढ्याचा पहारा सैलावला, हे आज शाळेतल्या मुलालाही माहीत असते. मग सिद्दीच्या बाजूने खेळणारा त्या बोलण्यांवर विश्वास का ठेवील? त्याने पहारा ढिला केलाच पाहिजे असा नियम केला, तर त्याच्या हाती निर्णयच उरत नाही. मी खरी शरणागतीही मराठा खेळाडूसाठी फायद्याची होऊ शकेल अशी गुणांची मांडणी केली, बोलणी ऐकून घेण्यासाठी सिद्दीला काही गुण दिले आणि पहारा कडक ठेवला तर पावसात त्याच्या फौजेची दमणूक वाढेल असे ठरवले. निघण्याची रात्र मराठा खेळाडू आधीच चिठ्ठीवर लिहून पालथी ठेवतो. एवढे केल्यावर सिद्दीकडचा खेळाडू खरोखर विचारात पडू लागला, आणि या खेळातले मला सर्वांत प्रिय क्षण तेच आहेत.

आपण पहिल्या प्रयत्नाला चार महिन्यांचा वेढा घेऊ नका. गडावरून निघाल्यापासून विशाळगडाला पोहोचेपर्यंतचा प्रवास पुरेसा आहे. नकाशा आखण्यापूर्वी शक्य असेल तर आषाढात मसाई पठारावरून पावनखिंडीपर्यंतची वाट चालून या, कारण कोरड्या वाटेने तासाभरात किती जाता येते आणि चिखलातून किती, यावरूनच एका घराचे अंतर आणि एका चालीचा वेळ ठरवावा लागेल.