कृषी सल्ला: सापळे भरतात, तरी पेरू का किडतो?

प्रश्न असा आलाय: पेरूच्या बागेत मिथाइल युजेनॉलचे (फळमाशीला वासाने ओढणाऱ्या रसायनाचे) सापळे लावले, माश्या भरभरून अडकतात, दोन फवारण्याही झाल्या, तरी फळात अळ्या निघतातच. शिवाय थंडीत न दिसणारी फळमाशी पुढे एवढी येते कुठून?

थंडीतही माशी बागेतच असते. थोड्या माश्या दाट झाडोऱ्यात तग धरतात, काही कोष मातीत रेंगाळतात. उबदार हवेत अंड्यापासून माशीपर्यंतचा फेरा तीन-चार आठवड्यांत पुरा होतो; गारठ्यात तोच बराच लांबतो. ऊब वाढली, माती ओलावली आणि पिकायला आलेलं फळ मिळालं की पिढीवर पिढी निघते. एक मादी शेकड्यांनी अंडी घालते, हिशेब तुम्हीच करा. आंबा संपला की ती पेरूवर येते.

आता फवारणीचं. मादी सालीखाली अंडी घालते. डंखाच्या जागी टाचणीच्या टोकाएवढा ठिपका, कधी रसाचा वाळका थेंब दिसतो. बोटाने दाबलं तर तेवढाच भाग मऊ लागतो. दोन-तीन दिवसांत अळ्या निघून गरात शिरतात. आठवडाभराने पूर्ण वाढलेली अळी फळ फोडून बाहेर पडते, अंग वाकवून टणकन उडी मारते आणि दोन-पाच सेंटिमीटर मातीत शिरून कोषात जाते. म्हणजे अंडी-अळी फळात, कोष मातीत. औषध वरच्यावर राहतं. सापळ्यात येतात ते फक्त नर. सापळा भरला म्हणजे माद्या संपल्या असं नाही.

म्हणून आधी पडलेली फळं गोळा करा. रोज, निदान एक दिवसाआड. बांधावर किंवा उकिरड्यावर टाकणं म्हणजे माशीची पैदासच. दोन फूट खोल पुरा, नाहीतर काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून कडक उन्हात ठेवा. झाडाखालची माती हलकी उकरली की कोष उन्हाला आणि पाखरांना सापडतात.

सापळे फळ पक्व होण्याच्या महिनाभर आधी लावा, एकरी चार, आणि आमिष वेळेवर बदला. फळांना पिशव्या घालता आल्या तर उत्तमच, पण डंख बसण्याआधी. नव्या मादीला अंडी धरायला प्रथिनं लागतात, म्हणून प्रथिनयुक्त विषारी आमिष तिच्यावरही चालतं; मात्रा लेबलवर बघूनच घ्या.

काकडी, दोडका, कारल्यावरची फळमाशी वेगळी. तिथे क्यू ल्युर हे दुसरं वासाचं आमिष लागतं. पेरूचा सापळा तिथे टांगून उपयोग नाही.