फायबरचा नकाशा करताय? आधी लूप नोंदवा

क्यूजीआयएस या नकाशे बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये केबलची रेघ ओढणं सोपं आहे रे. खरं काम जॉइंटवर असतं. प्रत्येक क्लोजरला, म्हणजे जॉइंट झाकणाऱ्या डब्याला, वेगळा पॉइंट दे आणि कुठला कोअर (केबलमधला एकेक फायबर) कुठे जोडलाय याचा तक्ता त्याला जोड. कोअरचा निळा, नारिंगी, हिरवा हा रंगक्रम पाळ.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लूप, म्हणजे जादा ठेवलेली केबल. चेंबरमध्ये गुंडाळलेली केबल नकाशावर दिसत नाही, पण ओटीडीआर (फायबरमध्ये प्रकाश सोडून तुटलेली जागा किती अंतरावर आहे ते सांगणारं यंत्र) ती मोजतं. ओटीडीआर ४.२ किमीवर तुटल्याचं सांगेल आणि नकाशावर तेवढंच मोजलंस तर खड्डा पुढे, भलत्याच जागी पडेल. म्हणून प्रत्येक लूपचे मीटर लिही. केबलवर छापलेले मीटरचे आकडेही चेंबरपाशी टिपून घे, फुकटचा पुरावा असतो तो.

नकाशावर लांबी मोजायला यूटीएम ही मीटरमधली नकाशा-पद्धत निवड: पुण्यासाठी झोन ४३, नागपूरसाठी ४४.