प्रिंट केलेल्या कवळीला अस्तर धरत नाही का?

तुम्ही विचारलंय की वडिलांची खालची कवळी थ्री-डी प्रिंटरवर बनवली, आठ महिन्यांत सैल झाली म्हणून आतून मऊ अस्तर लावून घेतलं, आणि तीन महिन्यांत ते कडेने सुटायला लागलं. प्रिंटेड कवळीला अस्तर धरतच नाही, की लावणाऱ्याचं चुकलं?

धरतं. लातूरला माझी डेंटल लॅब आहे, कवळ्या हेच माझं रोजचं काम. अशीच एक कवळी माझ्याकडे आली होती, औशाकडच्या एका आजोबांची. अस्तराच्या कडेला नख घातलं आणि भिजवलेल्या हरभऱ्याचं टरफल निघावं तसं अख्खं अस्तर एका तुकड्यात हातात आलं. खालचा भाग चकचकीत, बरचा, म्हणजे घासायच्या छोट्या फिरत्या हत्याराचा, एक ओरखडा नाही. अस्तर मधूनच फाटलं असतं आणि त्याचा थर कवळीला चिकटून राहिला असता, तर अस्तराचा माल कमजोर म्हणता आलं असतं. अख्खं निघतं तेव्हा दोष जोडाचा असतो. तुमच्याकडचं कसं सुटतंय ते उजेडात धरून बघा.

आता कारण. पावडर-लिक्विडची, गरम पाण्यात शिजवलेली जुनी हीट क्युअर कवळी म्हणजे अॅक्रिलिकच्या लांबच लांब धाग्यांचा गुंता. तिच्यावर मोनोमर, म्हणजे लिक्विड, लावलं की वरचे धागे फुगतात, सैल होतात, नव्या अॅक्रिलिकचे धागे त्यांत शिरतात आणि घट्ट होताना एकजीव होतात. त्यासाठी लिक्विड 180 सेकंद मुरू द्यायचं, ही जुन्या कवळीची पद्धत. मिलिंगची कवळी त्याच अॅक्रिलिकच्या तयार चकतीतून मशीनने कोरतात. चकती जास्त दाबाखाली घट्ट केलेली, त्यामुळे लिक्विड सावकाश मुरतं, पण मुरतं. प्रिंटिंगचं रेझिन, म्हणजे प्रिंटरमध्ये घालायचा पातळ माल, वेगळंच. प्रकाशाने घट्ट होताना त्यात धागे राहत नाहीत, गाठी मारलेलं जाळं होतं. त्यात लिक्विडला शिरायला वाटच फारशी नसते. चाचण्यांतही बहुतेक वेळा प्रिंटेड बेसची, म्हणजे कवळीच्या हिरडीवर बसणाऱ्या भागाची, पकड इतर दोन्हींपेक्षा कमी भरते.

हे मला सुरुवातीला ठाऊक नव्हतं. पहिल्या प्रिंटेड कवळीला मी नेहमीचंच लिक्विड लावून सेल्फ क्युअर, म्हणजे न शिजवता घट्ट होणारं अॅक्रिलिक, भरलं, आणि महिन्याभरात ती परत आली. ती ज्या आजींची होती त्यांना माझ्यामुळे एसटीच्या जास्तीच्या फेऱ्या पडल्या, त्याचं आजही वाईट वाटतं.

म्हणून प्रिंटेड कवळीत आधी आतली सगळी चमक बरने उतरवायची, मग 50 किंवा 110 मायक्रॉनच्या अॅल्युमिनाने सँडब्लास्ट करायचं, म्हणजे ती बारीक भुकटी हवेच्या जोराने मारायची. भुकटी पूर्ण साफ करून कवळी नीट वाळवायची. तोंडात वापरलेली कवळी पाणी धरून असते आणि हा ओलावा जोडाचा वैरी आहे. त्यानंतर त्या रेझिनसाठी कंपनीने सांगितलेलाच बाँडिंग एजंट, म्हणजे जोड धरणारं द्रव, सांगितलेला वेळ. घाई असली की हीच पायरी गाळली जाते.

तुमचं मऊ अस्तर सिलिकॉनचं असेल, तर त्याचा कुठल्याच बेसशी आपोआप जोड होत नाही. सगळा भार प्रायमरवर, म्हणजे आधी लावायच्या चिकटवणाऱ्या द्रवावर. तो चकचकीत किंवा लाळेने ओल्या जागेवर लागला की संपलं. कडेला अस्तर निमुळतं पातळ सोडलं तर तिथूनच उचलायला सुरुवात होते, म्हणून कडेला ठळक पायरी ठेवावी लागते. मऊपणा जाणवायला साधारण 2 मिलिमीटर जाडी लागते, तेवढी जागा बेसमधूनच कोरतात. बेस आधीच पातळ असेल तर मी मऊ अस्तराला सरळ नाही म्हणतो, ज्वारीच्या भाकरीवर तो मधोमध मोडतो.

सुटलेली कड फेविक्विकने चिकटवू नका. त्यावर पुढे कुठलंच अस्तर बसत नाही, आणि हिरडी सोलते ती वेगळीच.

आठ महिन्यांत कवळी सैल झाली, त्यात मात्र कोणाचा दोष धरू नका. दात काढल्यावर पहिल्या वर्षात हाड सगळ्यात जास्त झिजतं, आणि वर्षानुवर्षं पाहिलं तर खालचा जबडा वरच्यापेक्षा सुमारे चौपट झिजतो. वडिलांचे दात काढून वर्ष-दीड वर्षच झालं असेल, तर आज कितीही पक्कं अस्तर लावलं तरी पुन्हा बसवायची वेळ येईल. मी तुमच्या जागी असतो तर आत्ता नीट जोडाचं कडक अस्तर करून घेतलं असतं, आणि हाड स्थिरावल्यावर नवीन माप घेऊन कवळीच पुन्हा प्रिंट करून घेतली असती. दातांची मांडणी जुन्या फाइलमध्ये असते, त्यामुळे वडिलांना सवयीचेच दात परत मिळतात. ती फाइल लॅबकडून आजच मागून ठेवा.

आणि डॉक्टरांकडे परत जाताना एका चिठ्ठीवर लिहून न्या: बेस प्रिंटेड आहे, रेझिन अमुक कंपनीचं. कवळी बनवणाऱ्या लॅबला फोन केला की दोन मिनिटांत कळेल. नुसतं बघून प्रिंटेड आणि मिलिंगची कवळी ओळखणं मलाही दर वेळी जमत नाही, म्हणून माझ्याकडून कवळी जाते तेव्हा डबीत ही चिठ्ठी असतेच.