‘कार्बन सोडा’ म्हणजे नेमके काय करा?

प्रश्न वसईकडून आला आहे. तिथल्या एका धर्मग्रामातल्या (एका चर्चच्या हद्दीतल्या) युवकांनी उपवासकाळासाठी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या ख्रिस्ती व्रतकाळासाठी, पत्रक काढले. वीज-इंधनाचा वापर आवरून हवेत जाणारा कार्बन कमी करण्याच्या व्रताला इंग्रजीत ‘कार्बन फास्ट’ म्हणतात; त्याचे त्यांनी ‘कार्बन उपवास’ केले आणि खाली ठळक अक्षरांत ‘चाळीस दिवस कार्बन सोडा’ असे छापले. वाचणारे हसले. चुकले कुठे आणि त्याऐवजी काय लिहावे, असे त्या युवकांनी विचारले आहे.

हसणाऱ्यांची बाजू घ्यावी लागेल. ‘सोडणे’ हे मोठे बेरकी क्रियापद आहे. तंबाखू सोडली म्हणजे बंद केली. धूर सोडला म्हणजे मात्र बाहेर टाकला. उपवासाच्या बाबतीत तर कहरच, कारण उपवास सोडला म्हणजे माणूस जेवायला बसला. तेव्हा कारखान्याचे धुराडे रात्रंदिवस जे करते, तेच हे पत्रक चाळीस दिवस करायला सांगते. शिवाय घाईत वाचणाऱ्याला ‘सोडा’ हे नाम वाटले, तर तो एखाद्या नव्या पेयाची जाहिरात समजून पुढे जाईल.

‘कार्बन उपवास’ची अडचण जरा वेगळी. उपवासाला आपण जी विशेषणे लावतो त्यांचा एक रिवाज आहे. शनिवारचा उपवास म्हटले की वार कळतो. फळांचा किंवा दुधावरचा म्हटले की त्या दिवशी काय चालते ते कळते. जे चालत नाही ते सांगायचे, तर मराठी नकार शब्दातच घालते: निर्जळी, अळणी. या रिवाजाने ‘कार्बनचा उपवास’ म्हणजे दिवसभर फक्त कार्बन घेऊन राहणे असा अर्थ निघतो! ‘चा’ गाळून ‘कार्बन उपवास’ केले की विनोद कमी होतो. बातमीच्या मथळ्यात ते खपूनही जाईल, पण आजीला वाचून दाखवल्यावर ती ‘म्हणजे काय रे?’ असे विचारणारच.

‘उपवास फक्त अन्नाचा असतो, वीज-पेट्रोलचा कसला उपवास?’ असा आक्षेप कोणी घेतला असेल, तर तो मला मान्य नाही. बायबलमधल्या यशयाच्या ५८ व्या अध्यायात देवाला कोणता उपवास आवडतो ते सांगितले आहे: अन्यायाची बंधने तोडणे, भुकेल्याला आपल्यातली भाकर देणे. उपवासकाळ राखेच्या बुधवारी सुरू होतो; त्यानंतरच्या शुक्रवारी मिस्सामध्ये (चर्चमधल्या मुख्य उपासनेत) हेच वाचन असते. म्हणजे ख्रिस्ती परंपरेत हा शब्द ताटाबाहेर कधीच गेलेला आहे.

मात्र कॅथलिक नियमांत ‘उपवास’ आणि ‘वर्ज्य’ या दोन निराळ्या गोष्टी आहेत. उपवास म्हणजे दिवसातून एकच पूर्ण जेवण. बाकी दोन वेळा थोडेसे. तो राखेच्या बुधवारी आणि उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला), १८ ते ५९ वयाच्यांसाठी. वर्ज्य म्हणजे मांस न खाणे. ते राखेच्या बुधवारी आणि उपवासकाळातल्या शुक्रवारी, वयाची चौदा वर्षे पूर्ण झालेल्यांसाठी. या हिशेबाने ‘कार्बन फास्ट’ हा उपवास नसून वर्ज्यच ठरतो. इंग्लंडमध्ये २००८ साली लिव्हरपूलचे बिशप जेम्स जोन्स आणि लंडनचे बिशप रिचर्ड चार्टर्स यांनी टिअरफंड या ख्रिस्ती मदतसंस्थेबरोबर ही मोहीम सुरू केली, तेव्हा पहिली सूचना होती घरातल्या ठळक जागेचा एक दिवा काढून ठेवायची. चाळीस दिवस ती रिकामी जागा दिसत राहावी, हा हेतू. यात कोणी उपाशी राहत नाही, एक गोष्ट वर्ज्य होते.

गंमत अशी की जुने मांसवर्ज्यसुद्धा नकळत कार्बनवर्ज्यच आहे. इंग्लंड आणि वेल्सच्या बिशपांनी २०११ मध्ये वर्षभराच्या शुक्रवारी मांस न खाण्याचा नियम पुन्हा लागू केला. सुमारे एक चतुर्थांश कॅथलिकांनीच सवय बदलली. तरीही त्यातून वर्षाला ५५,००० टनांहून अधिक कार्बन वाचला, असा अंदाज केंब्रिजच्या संशोधकांनी २०२२ मध्ये मांडला. आपल्याकडे मात्र शुक्रवारी मटण नाही म्हणून पापलेट महाग होते. नियमाला मासे चालतात हे खरे, पण ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण काही फक्त हिंदूंसाठी नाही.

मग नाव काय ठेवावे? माझे मत ‘हरित उपवासकाळ’. बिल्डरांनी ‘हरित’ शब्दाचा पार चोळामोळा केला आहे हे मान्य, पण वसईत त्याला स्वतःचा इतिहास आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईची चळवळ उभी राहिली, तेव्हा तो शब्द पाणी, वाड्या आणि बागा वाचवण्यासाठी वापरला गेला. तुमच्या वाचकाला तो समजावून सांगावा लागणार नाही.

नावाखाली एक ओळ हवी असेल तर ‘पर्यावरण संरक्षण’ हा सरकारी फलकावरचा शब्द टाळा आणि ‘राखण’ घ्या. बायबलमधल्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात देव माणसाला एदेन बागेत ठेवतो तो तिची ‘मशागत’ आणि ‘राखण’ करायला. पहिल्या अध्यायातल्या ‘सत्ता’ या शब्दावर बोट ठेवून पृथ्वी ओरबाडण्याचे समर्थन करणाऱ्यांना पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या परिपत्रकात याच ओळीने उत्तर दिले. शिवाय ‘राख’ आणि ‘राखण’ हे एकमेकांचे सोयरे दिसतात: संस्कृत कोशांत ‘रक्षा’ या शब्दाचा एक अर्थ राख असाही दिलेला असतो. राखेच्या बुधवारी वाटायच्या पत्रकाला याहून जवळचा शब्द कुठून आणणार?

आता सूचनांची क्रियापदे. ‘सोडा’ सगळीकडून काढा आणि कार्बनही काढा, कारण तो कोणाच्या हातात दिसत नाही. ‘जवळच्या कामाला गाडी काढू नका’, ‘बाजारात कापडी पिशवी न्या’, ‘शुक्रवारी मांस वर्ज्य करा’ अशी हाताला लागणारी वाक्ये घाला. पूर्ण मोहिमेसाठी ‘पाळणे’ उत्तम: हरित उपवासकाळ पाळू या. ‘लेंट’ हा इंग्रजी शब्द बोलण्यात ठीक, छापताना ‘उपवासकाळ’ किंवा ‘प्रायश्चित्तकाळ’ यांपैकी तुमच्या देवळात जो रुळला असेल तो.

आणि ‘चाळीस दिवस’ हे शब्द जपून वापरा. राखेच्या बुधवारपासून पवित्र शनिवारपर्यंत दिवस भरतात ४६. सहा रविवार वगळल्यावर ४० उरतात, कारण रविवारी उपवास नसतो. पत्रकात चाळीस लिहिलेत तर कोणीतरी हुशार माणूस रविवारी गाडी काढायची मुभा मागणार. त्यापेक्षा ‘राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत’ असे लिहा.