‘मेजर रिव्हिजन’ म्हणजे नकार नव्हे

प्रश्न : मी प्राणिशास्त्रात पीएच.डी. करते. शेततळ्यांतल्या प्राणीप्लवकांवरचा (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी) माझा पहिला पेपर पाच महिन्यांनी ‘मेजर रिव्हिजन’ (मोठ्या दुरुस्त्या करा) असा शेरा आणि परीक्षकांचे सतरा आक्षेप घेऊन परत आला. नमुने फक्त हिवाळ्यातले आहेत, हा मुख्य आक्षेप. त्याच आठवड्यात दुसऱ्या एका जर्नलची मेल आली : ४८ तासांत स्वीकृती, फी ४,५०० रुपये, ‘यूजीसी केअर लिस्टेड’ (म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्य जर्नल्सच्या यादीतलं). थिसिस द्यायची वेळ आली आहे. तिकडे पाठवू का?
– एक वाचक, परभणी

उत्तर : नका पाठवू. एकेका नमुन्यातले प्लवक मोजायला तुम्ही सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून तासन्‌तास बसला असाल. ते काम दोन दिवसांत कोण तपासणार? फी घेतात म्हणून जर्नल खोटं ठरत नाही, चांगली ओपन अ‍ॅक्सेस (वाचकांना मोफत खुली) जर्नल्सही घेतात. पण तज्ज्ञांकडून परीक्षणच नाही तिथे पैसे कशाचे? आणि केअर यादी यूजीसीने फेब्रुवारी २०२५ मध्येच बंद केली. शिवाय एका जर्नलकडे विचाराधीन असलेला पेपर दुसरीकडे देणं हा गैरप्रकारच.

थिसिसपूर्वी पेपर छापण्याची यूजीसीची सक्ती २०२२च्या नियमावलीत उरलेली नाही. तुमच्या विद्यापीठाचा वेगळा नियम आहे का, ते लेखी विचारून घ्या.

आता ते पत्र पुन्हा वाचा. संपादकांना पेपर नको असता तर त्यांनी दुरुस्ती मागितलीच नसती. माझा पहिला पेपर असाच परत आला, तेव्हा ते पाकीट मी महिनाभर कपाटात ठेवलं होतं. उघडून नीट वाचलं तेव्हा कळलं, तक्ता दोनमधली बेरीज मजकुराशी जुळत नव्हती. परीक्षकाने ती पकडली नसती, तर चूक माझ्या नावावर छापली गेली असती. त्या अनोळखी माणसाचे उपकार मी आजही मानते.

सतराही आक्षेप एका फाइलमध्ये उतरवून घ्या. प्रत्येकाखाली तुमचं उत्तर, आणि बदल कोणत्या पानावर, कोणत्या ओळीत केला ते लिहा. पटला नाही तो आक्षेप कारण देऊन नम्रपणे नाकारा, तो तुमचा हक्क आहे. पावसाळ्यातले नमुने आता कुठून आणणार? मग शीर्षकातच ‘हिवाळ्यातील’ घाला आणि मर्यादा स्पष्ट मांडा. गाइडना हा मसुदा दाखवा. मुदत अपुरी वाटली, तर संपादकांना आजच दोन ओळींची मेल करून वाढवून मागा. बहुतेक वेळा देतात.