घर, गाडी, पैसा सगळं आहे, तरी समाधान नाही. देवात खरा आनंद सापडतो का?

सापडतो. मला सापडला तेव्हा घर-गाडी सोडाच, दुकानाचं भाडं द्यायला पैसे नव्हते. त्यामुळं 'सगळं असून समाधान नाही' या दुखण्यावर मी कितपत बोलावं, ते तुम्हीच ठरवा.

एप्रिल २०१६. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं, पहिल्या गाडीत पाच लाख लिटर. बांधकामं ठप्प, म्हणून माझं सिमेंट-सळईचं दुकानही ठप्प. शटर ओढलं आणि औसा तालुक्यातल्या आमच्या गावी गेलो. हनुमान जयंतीचा सप्ताह चालू होता. सात दिवस वीणा खाली ठेवायची नसते, दोन-दोन तासांचे पहारे असतात. रात्री दोन ते चारला कुणी तयार होईना. रिकामा दिसलो म्हणून मला धरलं.

पहिला अर्धा तास तोंडानं रामकृष्णहरी आणि मनात उधारी. कुणाकडं किती, कोण फोन उचलत नाही. मग वीणेच्या पट्ट्यानं मान भरून आली, या पायावरून त्या पायावर भार देत राहिलो. कोपऱ्यात एक म्हातारा टाळकरी पेंगत होता, पण ठेका चुकत नव्हता. हिशोब कधी थांबला, कळलंच नाही. चारला काकड्याची माणसं आली. पुढच्या गड्यानं पाया पडून वीणा मागितली, तर माझ्या हातून सुटेना. बस, एवढंच. दुकान पुढंही बरेच दिवस बंदच होतं, पण झोप लागायला लागली.

तुम्ही लिहिलंय, गावाकडच्या देवळाला मोठी देणगी द्यायचा विचार आहे. नका देऊ. निदान समाधानासाठी तरी नका देऊ. देवाला दिलेला पैसा हाही पैसाच, आणि फरशीवर नाव कोरलं की ती फरशी देवाची राहत नाही, तुमची होते.

त्याच सप्ताहात काल्याच्या दिवशी आमच्या दादानं देऊळ आणि पटांगण धुवायला टँकर आणला. गावातला जनावरांचा हौद कोरडा. मी म्हणालो, हौदात सोडू. तर चारचौघांत म्हणतो, "देवाच्या कामाला पैसा माझा चाललाय. तुझी वर्गणी पाचशे एक. गप बस." आदल्याच रात्री कीर्तनात नाथांची गोष्ट झाली होती, रामेश्वराला निघालेली काशीची कावड तहानलेल्या गाढवाच्या तोंडात ओतली ती. पैठण काय परदेशात आहे का? दादा पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता. पटांगण धुतलं गेलं.

आता, पैसा वाईट असं मी म्हणत नाही. कर्ज असेल तर आधी ते फेडा, पोरांच्या फिया भरा. तुकोबांनीही कर्जखतं इंद्रायणीत बुडवली ती आपल्या वाट्याची, धाकट्या भावाचा निम्मा वाटा त्याला देऊन. आणि सगळ्यांनाच वीणा धरून असं होईल याची खात्री नाही. मलाही पुढच्या वर्षी त्याच पहाऱ्याला नुसती मान दुखली.

दादाचं नाव देवळाच्या पायरीवर आहे. म्हणतो, नामदेवांसारखं, संतांच्या पायाची धूळ लागावी म्हणून. मी जाता-येता बरोबर त्या नावावरच पाय देतो, मुद्दाम. हे काही भक्तीचं लक्षण नाही, कळतंय मला.