विधाने-निष्कर्ष: आकृती बरोबर, उत्तर चूक

प्रश्न: पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे, स्पर्धा परीक्षांची तयारी करते. विधाने-निष्कर्षाचे (दिलेली विधानं खरी धरून कोणता निष्कर्ष निघतो ते ठरवायचं, त्या प्रश्नांचे) नियम पाठ आहेत, वर्तुळांची वेन आकृतीही काढते. तरी ५ पैकी २-३ प्रश्न चुकतातच. हा घटक सोडून देऊ का?

उत्तर: सोडू नकोस. तू सोडवून पाठवलेल्या प्रश्नांत आकृत्या बरोबर आहेत, चूक त्यानंतर होते. तू एकच आकृती काढतेस आणि तिच्यात दिसलं ते खरं धरतेस. निष्कर्ष निघतो म्हणायचं ते त्या विधानांत बसणाऱ्या प्रत्येक आकृतीत तो खरा ठरला तरच. म्हणून पहिली आकृती झाली की निष्कर्ष मोडून पाहायचा.

तुझाच प्रश्न घेऊ. विधाने: काही कप बशा आहेत. एकही बशी चमचा नाही. निष्कर्ष: (१) काही कप चमचे नाहीत. (२) काही चमचे कप नाहीत. तू 'दोन्ही निघतात' लिहिलंस. पहिला निघतो, कारण जे कप बशांत आहेत ते चमच्यांत जाऊच शकत नाहीत. आता चमच्यांचं वर्तुळ उचलून कपांच्या वर्तुळात पूर्ण आत बसव, फक्त बशांना लागू देऊ नकोस. दोन्ही विधानं शाबूत आहेत, पण कपांबाहेर एकही चमचा उरला नाही. दुसरा निष्कर्ष मोडला. 'काही नाहीत' उलटवता येत नाही, म्हणजे त्यातल्या नावांची अदलाबदल करता येत नाही, हा नियम तुला पाठ होता, इथे तो लावायचा हे सुचलं नाही. ('काही' आणि 'एकही नाही' जसेच्या तसे उलटतात, 'सर्व अ ब आहेत' उलटवलं तर 'काही ब अ आहेत' एवढंच हाती लागतं.)

गंमत म्हणजे याच आकृतीमुळे 'सर्व चमचे कप असण्याची शक्यता आहे' हा निष्कर्ष बरोबर ठरतो. शक्यतेला एक आकृती जमली तरी पुरतं. 'सर्व कप चमचे असण्याची शक्यता' मात्र नाही. बशांत असलेले कप आडवे येतात.

'एकतर १ किंवा २ निघतो' हा उत्तराचा पर्याय निवडताना तू घाई करतेस. आधी दोन्ही निष्कर्ष सुटे तपास. एक जरी नक्की निघाला किंवा नक्की खोटा ठरला, तर हा पर्याय बाद. दोन्ही अधांतरी असतील तरच जोडी बघ: 'काही आहेत' व 'एकही नाही', किंवा 'सर्व आहेत' व 'काही नाहीत'. पहिल्या जोडीत नावांचा क्रम उलटा असला तरी चालतं, दुसऱ्या जोडीत तो तोच हवा.

'केवळ काही अ ब आहेत' यात दोन विधानं दडलेली असतात: काही अ ब आहेत, आणि काही अ ब नाहीत. त्यामुळे 'सर्व अ ब असण्याची शक्यता' तिथेच संपते. 'सर्व ब अ' ची शक्यता, प्रश्नातलं इतर एखादं विधान आड येत नसेल तर, शिल्लक राहते.

जाता जाता: आपण काढतो ती वर्तुळं खरं तर गणितज्ञ ऑयलरच्या पद्धतीची. १८८० मध्ये जॉन वेनने मांडलेल्या आकृतीत सगळी वर्तुळं आधीच एकमेकांत गुंतलेली असतात आणि रिकामे भाग छायांकित करतात. परीक्षेत ऑयलरचीच सोयीची, कारण वर्तुळ सरकवून पाहता येतं.

पुढचे दोन आठवडे रोज १० प्रश्न, घड्याळ न लावता. 'निघत नाही' लिहिलेल्या प्रत्येक निष्कर्षाशेजारी त्याला मोडणारी आकृती काढ. ती काढता आली नाही, तर तो प्रश्न पुन्हा तपास. वेग त्यानंतर मोज.